बंडीखोर

नवंकोरं कॅनव्हास. मंगळदास मार्केटातली चार दुकानं पालथी घालून, घासाघीस करून, चुरगाळून-ताणून पारखून आणलेलं. घरी आणल्यावर त्याचं काय करायचं? तर त्यावर किसणी चालवायची! हो, हो, तीच, खोबऱ्याची! मग ते चहाच्या पाण्यात बुडवायचं, गच्चीवर उन्हात टाकायचं, पॉलिश पेपरने घासायचं, त्याला बूटपॉलिश फासायचं आणि एवढं सगळं करून ते पार पोतेऱ्याच्या लायकीचं दिसायला लागलं, की टाळ्या पिटायच्या. आईने कपाळाला हात लावून विचारलं, ‘अरे, हे काय आरंभलंयस?’ तर वर ऐकवायचं, ‘आई, आत्ता कुठे त्याला कॅरेक्टर आलंय!’

कॅरेक्टर! ज्या घरात शर्टाची कॉलर विरली तर ती उसवून, उलटी करून पुन्हा शिवली जायची आणि तोच शर्ट चारचौघांत नवा म्हणून मिरवला जायचा, त्या घरात हे दिवस यावेत? रफू कुठे केलाय ते शोधूनही सापडू नये म्हणून आपल्या आज्यांनी डोळे फोडून घेतले. आणि नातवंडं ठिगळ नेमकं कुठे दिसलं पाहिजे यावर रात्र-रात्र खल करतात! झाकली मूठ सव्वा लाखाची, असं शिकलो होतो ना आपण? आता फाटकी बंडी सव्वा लाखाची.

तर मंडळी, साथ आली आहे. रांगड्या बंडीची. गावाकडच्या आजोबांची पांढरी, आतल्या खिशात चंची ठेवायची, ती बंडी नव्हे. ही बंडी सिनेमातल्या, मालिकेतल्या, व्हिडिओ गेममधल्या आणि मांगा नावाच्या जपानी चित्रकथांतल्या बाप्यांची. कोणी अंतराळात चोरटा माल वाहणारा, कोणी चालत्या प्रेतांच्या जगात क्रॉसबो घेऊन फिरणारा, कोणी समुद्री चाच्यांचा राजा व्हायला निघालेला. या समस्त उनाड मंडळींचा गणवेश म्हणजे बिनबाह्यांचं, मळकं, खिशांनी लगडलेलं जाकीट. ते विकत आणायचं नाही बरं का! आणलं तर जाणकार पंक्तीतून उठवतात. ते घरी बसून, स्वतः बेतून, स्वतः कातरून, स्वतःच शिवायचं. आणि ते घालून त्या पात्राच्या रूपात मिरवायचं. याला कॉस्प्ले म्हणतात. आपण कालपरवापर्यंत याला ‘रिकामपणचे धंदे’ म्हणत होतो.

शिवायचंच तर बंडीच का? पोशाखांचा काय दुष्काळ पडलाय? याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणीही कबूल करत नाही. बंडीला बाह्या नसतात! शिवणाऱ्याचं पाणी जोखलं जातं ते बाहीपाशी. मुंढ्याचा गोल आणि बाहीचा गोल एकमेकांशी जुळता जुळत नाहीत. जुळवले तर चुण्या पडतात. चुण्या घालवल्या तर हात वर होत नाही. बंडीत ही भानगडच नाही. पाठ, पुढचे दोन भाग, दोन खांद्यांच्या टिपा, दोन बगलेच्या टिपा, की उभी राहिली. त्यात ती रांगडी! म्हणजे टीप वाकडी गेली तर ‘मुद्दाम’, दोरा लोंबला तर ‘मुद्दाम’, एक बाजू दोन बोटं खाली उतरली तर ‘अहो, तो लढाईतून आलाय ना!’ नाचता येत नसलं की अंगण वाकडं म्हणायची पूर्वी लाज तरी वाटायची. इथे अंगण वाकडं असण्याला गुण मिळतात!

मग काय, घराघरातल्या शिलाई मशीनांचं भाग्य फळफळलं. वर्षानुवर्षं जिच्यावर टेबलक्लॉथ पसरून फुलदाणी ठेवली होती, ती उषा नाहीतर मेरिट उघडी झाली. तेल घातलं गेलं. पायमशीनचा सैल पडलेला चामडी पट्टा बदलला गेला. ‘आई, बॉबिन कशी भरायची गं?’ हा प्रश्न सॉफ्टवेअरमधला, महिन्याला बक्कळ पगार घेणारा मुलगा विचारू लागला. ज्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण लग्नाआधी आई आणि लग्नानंतर कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला लावत होता, तो आता जेवणाच्या टेबलावर सांगतो, की कॅनव्हासच्या चार घड्या एकत्र आल्या तर साधी सुई कटकन मोडते, तिथे सोळा नाहीतर अठरा नंबरचीच सुई हवी. बायको ऐकते आणि तिला प्रश्न पडतो, हा माणूस पडद्यांच्या वेळी कुठे होता?

दोष कोणाला द्यायचा? आपण रिवाजाप्रमाणे आधी मोबाईलला दिला, मग नेटफ्लिक्सला, मग ‘हल्लीच्या मुलांना’. चौकशीअंती निघालं भलतंच. हे खूळ हल्लीच्या मुलांच्या आजोबांच्याही आधीचं! १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्कला विज्ञानकथावाल्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. बाकीचे शहाण्यासारखे कोट-टाय घालून आले आणि फॉरेस्ट अकरमन नावाचे एक गृहस्थ अवतरले ते भविष्यकाळातल्या माणसाच्या वेशात, केप-बिप घालून! सोबत मर्टल डग्लस, त्याही तशाच नटलेल्या. फ्रँक पॉल या चित्रकाराची मासिकांतली चित्रं आणि १९३६ चा ‘थिंग्ज टु कम’ हा सिनेमा पाहून बेतलेले पोशाख. शिवले कोणी? दोन्ही पोशाख मर्टलबाईंनीच. आणि पुढे वर्षानुवर्षं डंका कोणाचा वाजला? अकरमनरावांचा! मशीनवर वाकायचं बाईने आणि फोटोत बुवाने. यात मात्र अमेरिकेने आपल्याला परकं वाटू दिलं नाही. लोकांनी नावं ठेवली असतील म्हणता? छे! पुढच्याच वर्षी शिकागोच्या संमेलनात वेषांतराची चक्क स्पर्धा झाली. नावं ठेवणारे वर्षभर गुपचूप शिवत बसले असणार, दुसरं काय!

पण बंडीपुरता मुख्य आरोपी हान सोलो. १९७७ चा ‘स्टार वॉर्स’. तोवर सिनेमातलं अंतराळ कसं असायचं? स्वच्छ, चकचकीत, परीटघडीचं. दिग्दर्शक जॉर्ज लुकासला हवं होतं ते वापरून वापरून मळलेलं, ठोकून दुरुस्त केलेलं विश्व. पोशाखांची जबाबदारी आली जॉन मोलो यांच्याकडे, आणि हे गृहस्थ मुळात लष्करी गणवेशांचे गाढे अभ्यासक. त्यांनी हान सोलो झालेल्या हॅरिसन फोर्डच्या फिकट शर्टावर एक काळी, खिसेवाली बंडी चढवली. झालं! तिकडे मोलोंना ऑस्कर मिळालं आणि इकडे जगभरच्या सभ्य घरांत काळ्या कापडाचा खप वाढला.

आता जरा जवळ या, खरी बातमी पुढेच आहे. याच मोलोंना १९८३ मध्ये दुसरं ऑस्कर मिळालं, ‘गांधी’साठी. ते विभागून होतं. कोणाबरोबर? आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैयांबरोबर! ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय, हे आपल्याला शाळेपासून पाठ. पण त्या बाहुलीचा दुसरा मानकरी हान सोलोचा शिंपी होता, हे आपल्याला कोणी सांगितलं का? ही बातमी ज्या कोल्हापूरकर कॉस्प्लेवाल्याला लागली, तो आता कोणाच्या बापाला ऐकत नाही. ‘हान सोलो व्हय? आमच्या पावण्यातलाच की त्यो!’ आणि आपण काय उत्तर देणार? पुरावा त्याच्या बाजूला!

दुसरा आरोपी ‘द वॉकिंग डेड’चा डॅरिल डिक्सन. २०१० ते २०२२ ही मालिका चालली. जग बुडालं, सरकारं गेली, माणसं गेली, पण याची चामडी बंडी काही सुटली नाही. पाठीवर दोन पंख शिवलेले, तेही धुळीने माखलेले. आता जॉर्जियाच्या रानात ही बंडी घालणं वेगळं आणि मे महिन्यात डोंबिवलीच्या पुलावर घालणं वेगळं, हे कोणी सांगायचं? सांगून पाहिलं. ‘घामाचे डाग खरे येतात,’ असं उत्तर मिळालं!

आणि पहिलटकरांसाठी लुफी, समुद्री चाच्यांचा राजा व्हायला निघालेला तो हाच. एइचिरो ओडांची ‘वन पीस’ ही मांगा १९९७ पासून अखंड चालू आहे. २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने ती हाडामांसाच्या नटांना घेऊन आणली आणि लाल बंडी, गवती टोपी हा पोशाख घरोघरी पोचला. ‘सोप्पंय, एका दिवसात होईल,’ म्हणून लाल कापड आणणारे आपल्यात किती निघाले? आणि त्यातल्या कितीजणांचा तो ‘एक दिवस’ अजून उजाडायचाय? हात वर करू नका. दिसताय.

बहुतेकांचा प्रवास टेलरमास्तरांपासून सुरू होतो. अडला हरी मोबाईल पुढे करतो. मास्तर चष्मा कपाळावर सरकवून फोटो न्याहाळतात.

‘पार विटलाय हो हा. नवा शिवून देतो.’

‘नाही मास्तर, असाच हवा.’

‘असाच म्हणजे? जुना?’

‘हो.’

‘मग जुनाच घ्या की कुठूनतरी!’

‘नाही, जुना नवीन शिवायचाय.’

मास्तरांनी उभ्या हयातीत अशी ऑर्डर घेतली नव्हती. विजारीची शिवण एक दोरा सरकली म्हणून ज्याला रात्रभर झोप लागत नाही, त्या माणसाला सांगायचं, की मास्तर, खालची कड जरा उसवलेली ठेवा आणि हा खिसा थोडा तिरका लावा! मास्तरांनी हात जोडले. ‘दुकानावर माझ्या नावाची पाटी आहे, राव. लोक काय म्हणतील?’

तेव्हा मंडळी घरी परततात आणि कर्मकांड सुरू होतं. आधी एखादं बसणारं जाकीट वर्तमानपत्रावर पसरून त्याची बाह्यरेषा काढायची, शिवणीसाठी बोटभर जागा सोडायची. मग थेट कॅनव्हासला कात्री? अब्रह्मण्यम्! आधी मांजरपाटाची कच्ची बंडी. ती घालून बघायची, बगलेत आवळते का, पाठीत फुगते का, खुणा करायच्या, उसवायची, कागद सुधारायचा. मग अस्तर. मग खरी. अंगात एक बंडी घालायची म्हणून शिवायच्या तीन! दीड मीटरच्या हिशेबाने बाजारात गेलेला माणूस हातात चार पिशव्या घेऊन परत येतो: कॅनव्हास, मांजरपाट, बकरम, टिचबटणं, आयलेट, पितळी बक्कल, जाड दोऱ्याची रिळं. पुण्याच्या बोहरी आळीत तर आता दुकानदारच विचारतात म्हणे, ‘पोशाखासाठी हवंय का? मग गंजकंच दाखवतो.’ पिढ्यान्‌पिढ्या गंजका माल मागे लपवणारी जमात ती! आता तो काउंटरवर मांडून बसलीय. आणि हा पैशाचा वास एकट्या बोहरी आळीलाच आला असं नाही. कापड बेतायचे कागदी नमुने विकणारी अमेरिकेतली मॅकॉल्स ही कंपनी, १८७० सालची, म्हणजे बायकांच्या घेरदार झग्यांच्या जमान्यातली. तिनेसुद्धा २०१५ मध्ये खास कॉस्प्लेचे नमुने बाजारात आणले. दीडशे वर्षांची आजीबाई हो ती! तिचाही पाय घसरला, तर आपल्या बोहरी आळीची काय कथा?

चामड्याच्या वाटेला जाणाऱ्यांची गोष्टच निराळी. खरं चामडं परवडत नाही, म्हणून रेक्झीन. रेक्झीनला एकदा सुई टोचली की भोक जन्माचं. उसवून पुन्हा टीप मारायची सोय नाही. टाचणीही चालत नाही. मग घडी धरायची कशाने? कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी! घरातले झाडून सगळे चिमटे बंडीला, आणि दोरीवरचा परकर वाऱ्याने शेजाऱ्यांच्या बाल्कनीत. शिवाय रेक्झीन मशीनच्या फुटाला चिकटून बसतं, पुढे सरकायचं नाव घेत नाही. त्यावर उपाय म्हणून वर बटर पेपर ठेवायचा, टीप मारायची आणि मग तो फाडून काढायचा. केकसाठी आणलेला बटर पेपर संपला कसा, याचा उलगडा आता कुठे झाला ना?

आणि ते खिसे! देवा रे, ते खिसे! किती, कुठे, झाकणाचे की उघडे, झाकण टोकदार की चौकोनी, टीप एकेरी की दुहेरी? एकेका सिनेमाचं एकेक दृश्य थांबवून, मोठं करून, उजेड वाढवून मोजदाद चालते. पूर्वी एवढ्या बारकाईने माणसं स्थळाची पत्रिका बघत. गंमत म्हणजे या वेडाला आंतरराष्ट्रीय पीठंही आहेत. ‘५०१वी लीजन’ ही ‘स्टार वॉर्स’मधल्या खलपुरुषांचे पोशाख घालणाऱ्यांची संघटना १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू झाली; आज तिचे दहा हजारांहून जास्त सभासद जगभर आहेत. नायकांकडच्यांची ‘रिबेल लीजन’ वेगळी. कोणीही उठावं आणि सभासद व्हावं असं नाही हं! पोशाखाचे पुढून, मागून, बाजूने फोटो पाठवायचे. परीक्षक खिसा न् खिसा, पट्टा न् पट्टा तपासणार. नियमात बसलं नाही तर परत पाठवणार. आणि हे सगळं कशासाठी? पगार? छदाम नाही. ही मंडळी तो पोशाख घालून इस्पितळातल्या आजारी मुलांना भेटायला जातात, निधी गोळा करतात. बघा, म्हणजे धड नावं ठेवायचीसुद्धा सोय ठेवली नाही यांनी! आपण किती तयारीने आलो होतो.

असो, नावं ठेवायला अजून जागा आहे. कारण आता तो भाग येतो, जिथे सभ्य माणसाने डोळे मिटावेत आणि बोटांच्या फटीतून बघावं. बंडी शिवून झाली. नशिबाने बरी झाली. आता देवापुढे ठेवून, कुंकू लावून अंगात घालावी की नाही? नाही! आता तिचे हाल करायचे.

हालांचंही शास्त्र आहे म्हणे. सगळीकडे सारखं घासलं तर ते ‘खोटं’ दिसतं. कापड खरं झिजतं कुठे? खिशाच्या तोंडाशी, खांद्याच्या शिवणीवर, खालच्या कडेला आणि बक्कल घासतं तिथे. नायक उजवा असेल तर उजव्या खिशाची कड जास्त विरायला हवी. खांद्यावरून पट्टा जात असेल तर त्याच्या खालचा रंग गडदच राहायला हवा, कारण तिथे ऊन पोचलेलं नाही. फिकट कापड चहाच्या पाण्यात घालायचं. काळ्यावर चहा चढत नाही, तिथे ब्लीच, तेही सुती असेल तरच. घड्यांमध्ये पातळ केलेला तपकिरी रंग, वर आलेल्या शिवणींवर पॉलिश पेपर आणि शेवटचा हात मुलतानी मातीचा. अति तिथे माती ऐकलं होतं. ती मुलतानी निघेल असं वाटलं होतं का? ताईच्या फेसपॅकचा डबा रिकामा आणि दादाची बंडी धुळीने माखलेली! तक्रार करावी तर दादा सांगतो, सिनेमावाले असलीच माती पोत्यांनी वापरतात.

आणि हे खरं आहे, हीच तर पंचाईत! ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’च्या वेळी, १९८१ चा सिनेमा, इंडियाना जोन्सची नवी जाकिटं जुनी करायला वेशभूषाकार डेबरा नॅडूलमन यांनी काय वापरलं? इथेही नायक असलेल्या हॅरिसन फोर्डचा खिशातला चाकू आणि तारेचा ब्रश. कोरी जाकिटं, आणि बाई खरवडतायत! आपला गब्बर घ्या. ‘शोले’तला त्याचा तो लष्करी पोशाख मुंबईच्या चोर बाजारातून आणला होता, असं सांगतात. म्हणजे तिकडे जुनं करण्यात घाम गाळला आणि आपण थेट जुनंच उचललं. काटकसर रक्तात असते, ती अशी.

यावर कळस चढवला वेशभूषाकार जेनी बिव्हन यांनी. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’मधल्या एकाहून एक भयंकर, धूळभरल्या, गंजक्या पोशाखांसाठी त्यांना २०१६ मध्ये ऑस्कर मिळालं. बाई ते घ्यायला झुळझुळीत गाऊनमध्ये गेल्या असतील, नाही का? छे! काळं बायकर जाकीट, पाठीवर चमचमती कवटी! त्या मंचाकडे जाताना आजूबाजूच्या काही बड्या मंडळींचे हात टाळीला उठलेले दिसले नाहीत, तो व्हिडिओचा तुकडा जगभर फिरला. जाकीट खऱ्या चामड्याचंही नव्हतं हो! आणि आपण? आपणही तो तुकडा पाहून ‘शिव शिव, काय हा अवतार’ म्हणालो आणि मग पाठीवर कवटी कशी शिवतात ते शोधत बसलो. शोधलं की नाही?

सगळ्यांत आधी नाकं मुरडणारेच सगळ्यांत आधी बाटले, हे तर आता उघड गुपित आहे. बँकेतून निवृत्त झालेले दुसऱ्या मजल्यावरचे काका ‘पोरकटपणा’ म्हणाले होते. आता नातवाच्या बंडीचे खिसे तेच मोजतात, लेजरला टिकमार्क करावेत तसे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू ‘आमच्याकडे नाही हं असलं’ म्हणत होत्या. परवा त्यांच्या गच्चीवर मातकट रंगाचं काहीतरी वाळत होतं, आणि त्यांनी ते गाडी पुसायचं फडकं आहे असं सांगितलं. फडक्याला टिचबटणं असतात का हो? हात जोडणारे टेलरमास्तर? त्यांनी दुकान बंद झाल्यावर एका पोराला रिव्हेट ठोकायला शिकवलं, शटर अर्धं पाडून, पाटीला कळू न देता.

आणि आजी. सगळ्यांत मोठा स्फोट आजीच्या खोलीत झाला. नातवाने आठवडाभर खपून ठिगळ लावलं होतं. कडा उचकटलेल्या, टाके वेडेवाकडे, दोरा मुद्दाम वेगळ्या रंगाचा. आजीने ते जवळ घेऊन बघितलं आणि म्हणाली, ‘हे कुणी लावलं? श्रीमंताने?’

‘का गं?’

‘अरे, ज्याला गरज असते तो ठिगळ नीट लावतो. कड आत दुमडतो, रंग जुळवतो, टाका बारीक घालतो. त्याला ते लपवायचं असतं. असं मिरवायला कोण लावतं?’

खोलीत दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग नातवाने ठिगळ उसवलं आणि आजीपुढे ठेवलं. गोधडीवर हात बसलेल्या त्या बाईने धावदोऱ्याने ते असं काही बसवलं, की जाणकार मंडळी फोटो मोठा करून करून विचारतायत, हे केलं कसं? तेव्हापासून आजीचा भाव वधारलाय. इमारतीतल्या चार बंड्या तिच्याकडे तपासायला येतात. ती आधी ‘मेल्यांनो, धड कापडाचं वाटोळं केलंत’ म्हणते आणि मग चष्मा मागते. हान सोलो कोण ते तिला ठाऊक नाही. पण ‘त्याचा डावा खिसा जास्त झिजलाय, डावखुरा आहे का रे?’ हे तिनेच विचारलं. आपल्यापैकी कोणाच्या लक्षात आलं होतं?

मग उजाडतो तो दिवस, कॉमिक कॉन नावाच्या जत्रेचा. आपल्याकडे ही जत्रा २०११ मध्ये दिल्ली हाटला पहिल्यांदा भरली आणि तिथून ही साथ मुंबईला पोचली. त्या दिवशी आपली मंडळी भल्या सकाळी बंडी चढवून लोकलने निघतात. हान सोलो, बोरिवली स्लो! गाडीतल्या जनतेचे अंदाज ऐकावेत. ‘केबलवाला दिसतोय.’ ‘छे हो, गॅरेजातला.’ एका सद्‌गृहस्थाने खिसे बघून विचारलं म्हणे, ‘फोटोग्राफर का? फेब्रुवारीत मुलीचं लग्न आहे, ऑर्डर घ्याल?’ प्रवेशाशी सुरक्षारक्षक हत्यार तपासतो. ते पीव्हीसी पाइपाचं आणि रंगवलेलं, हे सिद्ध करावं लागतं. आत गेलं की मात्र नशीब पालटतं. अनोळखी माणसं हाका मारतात, फोटो काढतात, खांद्याची शिवण चाचपून बघतात. आणि मग तो प्रश्न येतो, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप: ‘कुठून घेतली?’

‘मीच शिवली.’

हे दोन शब्द म्हणताना त्या पोराचा चेहरा बघा. बढती मिळाली तेव्हा एवढा फुलला नव्हता. लग्नात तर नव्हताच नव्हता. आपण नाकं मुरडतो ती खरं तर या दोन शब्दांसाठी. कारण सगळं तयार मिळण्याच्या जमान्यात, अंगावरची एकही वस्तू दाखवून हे म्हणता येत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून तर इंची टेप ड्रॉवरच्या वरच्या कप्प्यात आली आहे. म्हणून तर टाकून द्यायचं जुनं कॅनव्हास बाजूला काढून ठेवलंय, ‘कशाला तरी उपयोगी पडेल’ म्हणून. कशाला, ते सांगू का सगळ्यांसमोर?

बरं, एवढ्यावर थांबेल तर ती साथ कसली! बंडी जमली, लोकांनी वाखाणली, आता मंडळींच्या नजरा वर गेल्यात. इंडियाना जोन्सचं जाकीट. बायकर कोट. म्हणजे काय? म्हणजे बाह्या! मुंढा! चुण्या! इतके दिवस जिच्यापासून पळत होतो, तीच आता दारात उभी. टेलरमास्तरांनी म्हणे दर रविवारी दुपारी दुकान बंद ठेवायचं ठरवलंय. आत बाही बसवायचा वर्ग चालणार आहे. पाटी लावलेली नाही, फी ठरलेली नाही, कोणी कोणाला सांगितलेलंही नाही, आणि तरी पहिल्या रविवारच्या बारा जागा भरल्या! लाज वाटायला हवी लोकांना, नाही का? जाताय ना? जरा आमच्यासाठीही एक स्टूल धरून ठेवा.